सह्याद्रीचा संवेदनशीलता-नकाशा आणि त्यातली मूल्ये : प्रकल्प नोंदी

12 ऑगस्ट 2024 : काम नेमके काय

केंद्राने 31 जुलै 2024 रोजी पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा मसुदा सहाव्यांदा काढला. क्षेत्र 56,825.7 चौ. किमी. त्यात महाराष्ट्राचे 17,340 आणि गोव्याचे 1,461 चौ. किमी. या आकड्यांच्या मागे दोन समित्या आहेत. माधव गाडगीळ समितीने ऑगस्ट 2011 मध्ये अहवाल दिला. तिने घाटाची सीमा 1,29,037 चौ. किमी धरली आणि सगळा घाटच संवेदनशील मानून त्याच्या तीन प्रती (श्रेणी) केल्या. कस्तुरीरंगन समितीने एप्रिल 2013 मध्ये सीमा 1,64,280 चौ. किमी धरली आणि त्यातले 59,940 चौ. किमी, म्हणजे सुमारे 37 टक्के, संवेदनशील ठरवले. मसुद्यातला आकडा याहून 3,114.3 ने कमी आहे आणि ही सगळी घट एकट्या केरळची आहे (13,108 वरून 9,993.7). केरळने गावपातळीवर स्वतःची पडताळणी करून घेतली होती.

डोंगर तोच आणि उपग्रह, वनस्पतिसंग्रह, जनगणना हे साहित्यही बरेचसे सामाईक, तरी नकाशे वेगळे. यावर नेहमीचे उत्तर असे की एक समिती निसर्गवादी आणि दुसरी विकासवादी. या उत्तराने हाती काही लागत नाही. कामाच्या कोणत्या पायरीवर, कोणत्या आकड्यात, कोणते मूल्य बसले हे त्यातून कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय नकाशा सुधारताही येत नाही.

म्हणून काम असे: नकाशा बनवण्याची प्रक्रिया सुट्या पायऱ्यांत उघडायची, प्रत्येक पायरीवरचा पर्याय बदलून पाहायचा आणि निकाल किती हलतो ते मोजायचे. भर सिंधुदुर्ग-रत्नागिरीवर, कारण गाडगीळ समितीला या दोन जिल्ह्यांचा स्वतंत्र विचार करायला सांगितले होते आणि इथला जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट उघडा कातळमाळ, पुढे जवळजवळ प्रत्येक पायरीवर अडचण उभी करणार आहे. या नोंदींतले नकाशाच्या चौकोनांना निकषांवर दिलेले गुण आणि गावाचे हेक्टर पद्धत तपासण्यासाठी रचलेल्या सराव-संचातले आहेत, ते कुठल्याही खऱ्या गावाचे नाहीत. समित्यांचे, मसुद्याचे आणि जनगणनेचे आकडे मात्र खरे.

19 ऑगस्ट 2024 : निर्णय-वही

संगणकावर काही उघडण्याआधी एक तक्ता तयार केला. त्याचे रकाने: पायरी, उपलब्ध पर्याय, निवडलेला पर्याय, निवडीचे कारण (तथ्याचे की मूल्याचे), चूक झाली तर भार कोणावर, आणि निकाल पाहण्याआधी ठरले की नंतर.

शेवटचे दोन रकाने सगळ्यांत महत्त्वाचे. विज्ञानाचे तत्त्वज्ञ रिचर्ड रडनर यांनी 1953 मध्ये मांडलेला मुद्दा साधा होता: कोणतेही गृहीतक पुराव्याने शंभर टक्के सिद्ध होत नाही, म्हणून 'इतका पुरावा पुरे' हे ठरवताना चुकीची किंमत विचारात येतेच, आणि किंमत ठरवणे हे मूल्याचे काम आहे. याच विषयाच्या तत्त्वज्ञ हेदर डग्लस यांनी त्यात कामाला येणारा फरक केला. पुरावा किती लागेल हे ठरवताना मूल्याला जागा आहे. पुरावा काय सांगतो हे ठरवताना नाही. वहीत हे दोन शेरे वेगळे लिहायचे: पहिल्या प्रकारासाठी 'कटऑफ' आणि दुसऱ्यासाठी 'नोंद'. 'नोंद' प्रकारच्या ओळीत मूल्याचे कारण लिहिलेले सापडले, तर ती ओळ रद्द करून पायरी पुन्हा करायची.

वही भरताना एक गोष्ट सतत आडवी येते. 'मानक पद्धत' असे कारण लिहून लोक मोकळे होतात. मानक कोणीतरी कधीतरी कशासाठी तरी ठरवलेले असते. म्हणून 'मानक' हे कारण वहीत चालणार नाही. मानक कोणत्या कामासाठी बनले ते लिहायचे.

28 ऑगस्ट 2024 : ग्रिड

गाडगीळ समितीने 5 मिनिटे × 5 मिनिटे असा अक्षांश-रेखांशाचा ग्रिड वापरला. क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये तो करताना बाजू 0.0833333 अंश द्यायची. 0.083 देऊन भागत नाही, कारण प्रत्येक चौकोनाला 0.0003333 अंशाची चूक साठत जाते आणि 100 चौकोनांनंतर ती 0.0333 अंश, म्हणजे साडेतीन किलोमीटरच्या वर जाते.

16 अंश अक्षांशावर या चौकोनाची उंची सुमारे 9.2 किमी, रुंदी सुमारे 8.9 किमी आणि क्षेत्र सुमारे 82 चौ. किमी येते. दक्षिणेला 8 अंशांवर ते 84.7 आणि उत्तरेला 21 अंशांवर 79.9. म्हणजे उत्तरेचा चौकोन सुमारे 6 टक्के लहान. प्रजातींची संख्या क्षेत्रफळाबरोबर वाढते, त्यामुळे 'चौकोनातल्या प्रजाती' मोजताना उत्तरेवर थोडा अन्याय होतो. फरक छोटा आहे, पण वहीत लिहिला.

मोठा प्रश्न चौकोनाच्या आकाराचा. कोकणातला 3 चौ. किमीचा सडा 82 चौ. किमीच्या चौकोनात 3.7 टक्के भरतो. त्याच्यावर काहीही असो, चौकोनाची सरासरी भोवतालची आंब्या-काजूची बाग ठरवते. बारीक चौकोन घेतला तर सडा दिसतो, पण मग प्रजातींच्या नोंदी पुरत नाहीत आणि बहुतेक चौकोन रिकामे राहतात. 9 किमी हा आकार उपलब्ध माहितीला साजेसा आहे. त्यात दडलेली निवड अशी: सलग मोठे जंगल नीट दिसावे, सुटे छोटे अधिवास निसटले तरी चालतील.

ग्रिडची सुरुवात कुठून धरली यानेही निकाल बदलतो. म्हणून चार ग्रिड केले: मूळ, पूर्वेला 2.5 मिनिटे सरकवलेला, उत्तरेला 2.5 मिनिटे सरकवलेला आणि दोन्हीकडे सरकवलेला. चारांची तुलना करायला 0.5 मिनिटाचा सामाईक बारीक ग्रिड. मोठ्या चौकोनात त्याचे बरोबर 100 तुकडे बसतात आणि 2.5 मिनिटांची सरक म्हणजे पुरते 5 तुकडे, त्यामुळे कुठेही तुकडा कापला जात नाही.

9 सप्टेंबर 2024 : उंची आणि उतार

एसआरटीएम हे अवकाशातून रडारने मोजलेल्या उंचीचे मॉडेल, 30 मीटर. उतार काढण्याआधी थर यूटीएम विभाग 43 उत्तर (ईपीएसजी 32643) या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात आणायचा. अंशांतल्या थरावर थेट उतार काढला तर आडवे एकक अंश आणि उभे मीटर असे होऊन जवळजवळ सगळीकडे 90 अंशांच्या आसपास उतार येतो. थर बदलायचा नसेल, तर उभ्या-आडव्या एककांचे प्रमाण 111120 द्यावे लागते. दाट जंगलात हे मॉडेल जमिनीऐवजी काही अंशी झाडांच्या माथ्याची उंची धरते, म्हणून जंगलाच्या कडेला खोटा उतार दिसतो. बाकी या पायरीत मूल्याचा प्रश्न नाही. उतार म्हणजे 'नोंद'. जास्त उताराला जास्त गुण का द्यायचे, हा प्रश्न वेगळा. तो भारांकाच्या, म्हणजे कोणत्या निकषाला किती वजन द्यायचे त्याच्या, नोंदीत.

23 सप्टेंबर 2024 : सडा 'पडीक' कसा होतो

ही नोंद लांब आहे, कारण सगळ्या प्रकल्पाचा कस इथे लागतो.

वनस्पतींचे आच्छादन मोजण्यासाठी एनडीव्हीआय घेतला: अवरक्त आणि तांबड्या पट्ट्यांतला फरक भागिले त्यांची बेरीज. सेंटिनेल-2 या उपग्रहांचे 10 मीटरचे पट्टे. आता प्रतिमा कुठल्या तारखेची घ्यायची? ढग नसलेली स्वच्छ प्रतिमा कोकणात डिसेंबर ते मे या काळात सहज मिळते. जून ते सप्टेंबर ढग. त्यामुळे 'ढग 5 टक्क्यांच्या आत' अशी चाळणी लावली की पावसाळा आपोआप गळतो. कोणी मुद्दाम गाळत नाही, चाळणीच गाळते.

सड्याचे आयुष्य नेमके त्या गळलेल्या महिन्यांत असते. पहिल्या पावसाबरोबर दीपकाडी फुलते. मग कातळावरच्या पाणथळीत गेंद, सीतेची आसवे, आणि कडेच्या चर-खड्ड्यांत बेडूक. दिवाळीच्या सुमारास गवत वाळते आणि डिसेंबरपासून काळातांबडा जांभा उघडा पडतो. फेब्रुवारीची प्रतिमा वर्गीकरणाला दिली की सड्याचा रंग उघड्या खडकाशी जुळतो आणि तो 'उजाड खडकाळ' वर्गात पडतो. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही उजाड खडकाळ जमीन हा एक वर्ग आहे. एकदा ते नाव चिकटले की पुढच्या प्रत्येक कामात, चिरेखाणीच्या अर्जापासून औद्योगिक क्षेत्राच्या आखणीपर्यंत, ती जमीन 'काही नसलेली' म्हणून मोजली जाते.

या साखळीत मोजमापाची चूक कुठेच नाही. फेब्रुवारीत तिथे खरोखर हिरवे काही नव्हते. प्रश्न आहे तो बारमाही झाड हीच निसर्गाची खूण मानण्याचा. ते मूल्य वर्गाच्या नावात आणि प्रतिमेच्या तारखेत बसले आहे, आणि तारीख ठरवणाऱ्याला ते दिसतही नाही.

यावर केलेले काम:

दोन तारखांचे दोन संच ठेवले. एक जानेवारी-फेब्रुवारीचा, दुसरा पावसाच्या शेवटाचा. दुसऱ्यासाठी एक स्वच्छ प्रतिमा मिळण्याची वाट पाहायची नाही. 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर या काळातल्या सगळ्या प्रतिमांतून ढग आणि ढगांची सावली काढून उरलेल्या पिक्सेलांचा मध्यांक घ्यायचा. दोन उपग्रह मिळून दर 5 दिवसांनी फेरी होते, म्हणून दोन महिन्यांत सुमारे 12 फेऱ्या हाताशी येतात. एखाद्या पिक्सेलला त्यांतल्या तीनपेक्षा कमी स्वच्छ फेऱ्या मिळाल्या तर त्याला 'माहिती नाही' असा वेगळा आकडा द्यायचा. शून्य देऊ नये, कारण शून्य म्हणजे 'आच्छादन नाही' असे संगणक समजतो.

वर्गाचे नाव बदलून 'हंगामी कातळ अधिवास' केले आणि त्याची कसोटी लिहिली: कोरड्या आणि ओल्या संचातल्या एनडीव्हीआयचा फरक मोठा, उतार कमी, झाडांचे छत्र नाही. 'मोठा' म्हणजे किती, हे कटऑफ आहे, म्हणून वहीत ते तीन पातळ्यांवर तपासायचे. वाळणारे भाताचे खाचरही या कसोटीत घुसते. खाचराचे बांध 10 मीटरच्या पिक्सेलमध्ये दिसत नाहीत, त्यामुळे ते संगणकाने वेगळे होत नाही. शेताच्या हद्दी हाताने आखाव्या लागतात.

हाताने आखताना दोन जणांनी एकमेकांचे न पाहता आखायचे आणि जुळणी तपासायची. सराव-संचात 100 ठिकाणांपैकी 40 दोघांनी सडा म्हटली, 38 दोघांनी नाही म्हटली, 22 वर मतभेद (12 एकाचे, 10 दुसऱ्याचे). जुळणी 78 टक्के दिसते, पण नशिबाने होणारी जुळणीच 50 टक्के आहे. ती वजा करून उरणाऱ्या जुळणीचा निर्देशांक, कॅपा, 0.56 येतो, म्हणजे मध्यम. असे असताना '78 टक्के अचूक' लिहिणे दिशाभूल ठरेल. मतभेदाची 22 ठिकाणे तिसऱ्याकडून ठरवून घेऊ नयेत; आधी व्याख्येत काय सुटले ते शोधावे. बहुधा ती सड्याच्या कडेची, झुडपे चढलेली जागा असते.

7 ऑक्टोबर 2024 : रिकामे रकाने

वनस्पतिसंग्रहांतल्या आणि प्रकाशित नोंदी रस्त्यांच्या कडेने, गडांवर आणि आंबोलीसारख्या जुन्या आवडत्या ठिकाणी गर्दी करतात. दोन ओढे ओलांडून जावे लागते तिथे नोंद नाही. नोंद नसणे आणि प्रजाती नसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण तक्त्यात दोन्ही रिकाम्याच दिसतात.

सरावाचा चौकोन: पाच निकष, चारांचे गुण 8, 7, 9, 6 आणि पाचवा रिकामा. रिकाम्याला शून्य धरले तर 30 भागिले 5, म्हणजे 6.0. वगळला तर 30 भागिले 4, म्हणजे 7.5. राज्याची सरासरी 5 भरली तर 35 भागिले 5, म्हणजे 7.0. कटऑफ 6.5 असेल तर पहिल्या रीतीने चौकोन बाहेर, बाकी दोन्हींनी आत.

तिन्ही रीतींना तांत्रिक समर्थन मिळते, म्हणूनच ही पायरी धोक्याची. शून्य धरणारा म्हणतो, 'सिद्ध होईपर्यंत नाही.' वगळणारा म्हणतो, 'जे माहीत आहे त्यावर न्याय करा.' सिद्ध करण्याचा बोजा कोणावर, हा मूल्याचा प्रश्न इथे स्प्रेडशीटच्या एका सूत्रात ठरतो. एक्सेलमधले सरासरीचे सूत्र रिकामा रकाना वगळते, पण फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममधून फिरून आली की काही वेळा रिकाम्याच्या जागी 0 येतो आणि कोणालाही न विचारता रीत बदलते. म्हणून रिकाम्यासाठी -9999 असा ठळक आकडा आणि प्रत्येक आयातीनंतर त्यांची मोजणी.

21 ऑक्टोबर 2024 : भारांक, आणि सरासरी नावाची सवलत

'सगळ्यांना सारखे भारांक, म्हणजे आमची मूल्ये मध्ये नाहीत' हा दावा टिकत नाही. प्रदेशनिष्ठ वनस्पती, धोक्यातले सस्तन, सदाहरित घटक, जंगलाची टक्केवारी, उंची, उतार या सहांत सदाहरित आणि जंगल हे दोन्ही एकाच गोष्टीचे चेहरे आहेत; उंची आणि उतारही घाटमाथ्यावर बरोबरच चालतात. सारखा भार दिला की जंगल दोनदा मोजले जाते.

सराव-संचातले दोन चौकोन. घाटमाथा: 6, 8, 9, 9, 8, 8, सरासरी 8.0. कोकणातला सडा: 8, 2, 1, 1, 2, 1, सरासरी 2.5. प्रदेशनिष्ठ वनस्पतींत सडा वरचढ आहे, तरी निकालात तळाला. जोड्या एकत्र केल्या (सदाहरित+जंगल, उंची+उतार) तर घाटमाथा 7.75 आणि सडा 3.125. थोडा फरक पडतो, चित्र तेच राहते.

कारण भारांकाच्याही मागे आहे. सरासरी काढणे म्हणजे एका निकषातली उणीव दुसऱ्याने भरून निघते असे मानणे. शाळेच्या एकूण टक्केवारीत गणिताचे गुण भूगोल झाकतात, तसे. अधिवासाच्या बाबतीत ही भरपाई कशाच्या जोरावर? दुसरीकडे कुठेच न उगवणारे झुडूप इथे नष्ट झाले, तर शेजारच्या उंच कड्याने त्याची भरपाई होत नाही. म्हणून तिसरी रीत ठेवली: सरासरी काहीही असो, जैविक निकषांपैकी एकात 8 किंवा जास्त असेल तर चौकोन आत. या रीतीचा तोटाही मोठा आहे. एकच चुकीची नोंद अख्खा 82 चौ. किमीचा चौकोन आत ओढते.

उंचीच्या निकषाची एक विसंगती इथेच लिहून ठेवतो. कास पठार सुमारे 1,200 मीटरवर, कोकणातला सडा बहुधा 200 मीटरच्या आत. दोन्ही जांभ्याचे, दोन्हींवर झाडे नाहीत, दोन्ही पावसाळ्यात जिवंत. कासला उंचीचे गुण मिळतात, कोकणाला नाहीत. कास 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि कोकणातल्या सड्यावर चिरेखाणी चालू आहेत. हा सगळा फरक गुणांमुळे पडला असे म्हणता येणार नाही, पण गुण त्याच दिशेने ढकलतात.

11 नोव्हेंबर 2024 : कटऑफ

गाडगीळ समितीचे नियम लिहून ठेवले होते आणि ही त्या अहवालाची मोठी जमेची बाजू. अस्तित्वातली अभयारण्ये-राष्ट्रीय उद्याने वेगळी चौथी प्रत. त्यांच्यातल्या सर्वांत कमी गुणांच्या चौकोनाइतके किंवा जास्त गुण असतील तरच बाहेरचा चौकोन पहिल्या प्रतीत. संरक्षित क्षेत्रे आणि पहिली प्रत मिळून सहसा 60 टक्क्यांच्या वर नाही. तिसरी प्रत सुमारे 25 टक्के. उत्तर-दक्षिण फरक मोठा म्हणून प्रत्येक राज्याचा हिशेब वेगळा.

यातली मूल्ये वाचता येतात, कारण नियम उघड आहेत. 60 आणि 25 हे आकडे निसर्गाने दिलेले नाहीत, ती वाटणी आहे. राज्यवार हिशेब म्हणजे प्रत्येक राज्याने आपल्याकडचे उत्तम राखावे ही भूमिका. सगळा घाट एका यादीत घातला असता तर दक्षिणेने बहुतेक जागा घेतल्या असत्या.

अभयारण्याशी तुलना ही दिसायला सर्वांत तटस्थ. पण राधानगरी 1958 मध्ये दाजीपूरच्या गव्यांसाठी झाले. कोयना आणि चांदोली धरणांच्या जलाशयांभोवती आहेत. यांतले एकही सड्यावरच्या वनस्पतींसाठी आखलेले नव्हते. त्यांना मापदंड केले की जुन्या पिढीने काय जपण्याजोगे मानले तेच पुढे मोजले जाते.

आमच्या फेऱ्यांसाठी (पर्याय बदलून पुन्हा पुन्हा केलेल्या हिशेबांसाठी) कटऑफ चुकीच्या किमतीवरून काढला, म्हणजे मूल्य कुठे आहे ते आकड्यात दिसते. जागा खरी संवेदनशील असून सोडली तर होणारे नुकसान 'स'. नसताना धरली तर होणारे नुकसान 'ध'. संवेदनशील असण्याची शक्यता ध ÷ (स + ध) पेक्षा जास्त असेल तेव्हा धरायची. दोन्ही सारखे तर 0.5. सोडण्याचे नुकसान चौपट मानले तर 1 ÷ 5 = 0.2. धरण्याचे तिप्पट मानले तर 3 ÷ 4 = 0.75.

'स' मोठे का, याचे कारण तथ्याचे आहे: चिरा काढलेला कातळ परत भरून येत नाही, निर्बंध मात्र अधिसूचना बदलून उठतो. 'ध' मोजताना मसुद्यात नेमके काय बंद होते ते पाहावे लागते: खाणी, दगड-वाळू उत्खनन, औष्णिक वीज, लाल वर्गातले (सर्वाधिक प्रदूषण करणारे) उद्योग, 20,000 चौ. मीटरवरची नवी बांधकामे, 50 हेक्टरवरच्या वसाहती. शेती आणि बागायत बंद होत नाही. 'घर दुरुस्त करता येणार नाही' या भीतीवर 'ध' फुगवणे ही 'नोंद' प्रकारातली चूक आहे. उलट, चिरेखाणीवर रोज मजुरी करणाऱ्याचे नुकसान खरे आहे, आणि ते शून्य धरणे हीसुद्धा तितकीच चूक. एकच बेरीज केली तर फायदा साऱ्या राज्याचा आणि तोटा एका वाडीचा, हे झाकले जाते. म्हणून 'ध' दोन ओळींत: एकूण किती आणि कोणावर.

25 नोव्हेंबर 2024 : 20 टक्के आणि 100 माणसे

कस्तुरीरंगन समितीने लिस-3 या भारतीय उपग्रह-कॅमेऱ्याच्या 24 मीटरच्या प्रतिमा, जैविक समृद्धी, जंगलाचे तुटलेपण आणि लोकसंख्येची घनता यांवरून गाव हे एकक ठरवले. गावाचे 20 टक्के किंवा जास्त क्षेत्र संवेदनशील असेल तर अख्खे गाव यादीत. घनतेची मर्यादा चौ. किमीला 100.

सराव-संचातले 800 हेक्टरचे गाव. संवेदनशील क्षेत्र 152 हेक्टर, म्हणजे 19 टक्के, गाव बाहेर. 20 टक्क्यांना 8 हेक्टर कमी. एक पिक्सेल 576 चौ. मीटर, म्हणजे 8 हेक्टर हे 139 पिक्सेल. गावात एकूण 13,889 पिक्सेल. एक टक्का पिक्सेलांच्या वर्गीकरणावर सगळे ठरते, आणि अशा वर्गीकरणात चूक एक टक्क्याहून कितीतरी जास्त असते. म्हणून गावांची यादी 'आत/बाहेर' अशी न छापता 15 ते 25 टक्क्यांतली गावे वेगळी दाखवायची आणि तिथे पायी पडताळणी.

100 च्या घनतेबद्दल एवढेच की 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची घनता 163 आणि रत्नागिरीची 197 आहे. मर्यादेच्या मागे 'निसर्ग म्हणजे माणूस विरळ' हे गृहीत आहे. कोकणातली देवराई वाडीला चिकटून, माणसांनी राखलेली असते. ती या चाळणीतून दिसत नाही. मर्यादेला व्यवहाराचे समर्थन आहे, दाट वस्तीत निर्बंध राबवणे अवघड, पण ते तसे लिहायला हवे. परिसंस्थेचा निकष म्हणून नव्हे.

16 डिसेंबर 2024 : जिथे मूल्याला मज्जाव

प्रजाती-नोंदींची सफाई. नियम आधी लिहून, फाइलचा शा-256 संकेत (फाइलमध्ये काहीही बदलले की बदलणारा संगणकी ठसा) बाहेरच्या वाचकांना पाठवून, मगच नोंदी उघडल्या. एक दशांश स्थानापर्यंतचे अक्षांश-रेखांश (उदा. 16.0, 73.7) म्हणजे सुमारे 11 किमीचा पट्टा, इकडेतिकडे साडेपाच, चौकोनाच्या अर्ध्या बाजूपेक्षा जास्त, म्हणून बाद. दोन दशांश, सुमारे 1.1 किमी, चालते. सफाई करणाऱ्याला नकाशा दिसत नाही, फक्त तक्ता. जागेचे नावही झाकलेले. दुर्मीळ वनस्पतीची एकमेव नोंद याच नियमात बाद होत असेल तर ती बादच. सडा वाचावा असे वाटणे हे ती नोंद ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. पर्याय एकच: जागेवर जाऊन, पावसात, नवी नोंद आणणे. खाणपट्ट्यातली 'अडचणीची' नोंद काढून टाकायलाही हाच मज्जाव.

6 जानेवारी 2025 : 144 फेऱ्या

रिकाम्या रकान्यांच्या 3 रीती × भारांकाच्या 3 × ग्रिडच्या 4 जागा × प्रतिमांच्या 2 तारखा × हिशेब राज्यवार की एकत्र 2 = 144. प्रत्येक फेरीत कटऑफ त्या फेरीच्या गुणांवरून नव्याने काढायचा. 6.5 सगळीकडे तोच ठेवला तर भारांक बदलल्यावर अख्खा संच वर-खाली सरकतो आणि निवडीचा परिणाम म्हणून भलतेच काही दिसते.

निकाल 0.5 मिनिटाच्या तुकड्यांवर उतरवायचा आणि प्रत्येक तुकडा किती फेऱ्यांत आत आला ते मोजायचे. 90 टक्के किंवा जास्त फेऱ्यांत आत: 'कसेही केले तरी आत'. 10 टक्के किंवा कमी: 'कसेही केले तरी बाहेर'. मधला भाग 'निर्णयावर अवलंबून'. ही टक्केवारी शक्यता नव्हे. 144 फेऱ्या म्हणजे एकाच माहितीवरच्या निवडी, स्वतंत्र नमुने नव्हेत. '70 टक्के शक्यता' असे कुठे छापले गेले तर ते खोटे ठरेल. आणि 90-10 ही हद्दही आम्ही घातलेली, तिची ओळ वहीत आहे.

मधल्या भागासाठी दुसरा नकाशा: तुकडा कोणत्या निवडीमुळे सर्वांत जास्त हलतो, त्या निवडीचा रंग. सराव-संचात सड्याचे तुकडे प्रतिमेच्या तारखेने आणि भारांकाच्या तिसऱ्या रीतीने हलतात. घाटाच्या पायथ्याचे ग्रिडच्या जागेने. चर्चा कशावर करायची ते यातून कळते. पायथ्याच्या तुकड्यांवर निसर्ग विरुद्ध विकास असा वाद घालण्यात अर्थ नाही, तिथे ग्रिड बारीक करणे पुरते. सड्यावर मात्र कितीही बारीक मोजले तरी प्रश्न उरतो, कारण तो मोजमापाचा नाही.

27 जानेवारी 2025 : हरकतींचा तक्ता

गाडगीळ समितीने आपल्या प्रती तात्पुरत्या मानल्या होत्या आणि ग्रामसभांपर्यंत जाऊन त्या पक्क्या कराव्यात असे सुचवले होते. सावंतवाडी-दोडामार्ग भागातल्या 25 गावांनी स्वतःहून संवेदनशील दर्जा मागितल्याची नोंद त्या अहवालाच्या काळातली आहे. तेव्हा गावाकडून फक्त विरोध येतो हे गृहीत धरू नये.

हरकत आली की तिचे वाक्य तोडून दोन रकान्यांत. 'या ओहोळाला एप्रिलपर्यंत पाणी असते' ही नोंद, तपासता येते, खरी निघाली तर नकाशा बदलतो. 'हा सडा देवाचा आहे, इथे खाण नको' हे मूल्य, त्याचे वजन 'स' आणि 'ध' ठरवताना. दुसऱ्याला अडाणीपणा म्हणून टाकायचे नाही आणि पहिल्याला भावना म्हणून दुर्लक्षायचे नाही. 'गट नंबर चुकला आहे' हे तिसऱ्याच रकान्यात, तहसीलच्या नकाशावरून सात दिवसांत दुरुस्ती.

प्रत्येक हरकतीसमोर उत्तर: काय बदलले, किंवा न बदलण्याचे कारण. 'नोंद घेतली' हे उत्तर नव्हे. विज्ञानाच्या तत्त्वज्ञ हेलेन लाँगिनो यांचा आग्रह हाच: टीकेला जागा देणे पुरेसे नाही, टीकेने काम बदलू शकले पाहिजे.

बाकी राहिलेले: प्रत्येक गावासाठी एक पान. वर गावाचा नकाशा तीन रंगांत, खाली गाव हलवणाऱ्या दोन निवडी मराठीत, गट नंबरांसह, 1:10,000 प्रमाणात. ए-3 कागदावर छापल्यास साधारण 4 × 2.8 किमी बसते. मोठ्या गावाला दोन पाने. चिरेखाणींच्या चालू परवान्यांचा थर पुढच्या फेरीत घालायचा, पण गुण देणाऱ्याला तो दिसू नये अशा वेगळ्या फोल्डरात.